आळवाखालचा जॉइंट

आमच्या घरामागच्या हौदाचं पाणी रोज एक फरशी खाली उतरायला लागलं, तेव्हा घरातल्या तिघांची तीन मतं होती. सासूबाई म्हणाल्या, ऊन पितंय. नवरा म्हणाला, मोटारीचं सील गेलं असेल. मी म्हणाले, जमिनीत गळतंय. माझं बरोबर निघालं, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं सांगताना ते मला लपवता येणार नाही, आणि लपवायची इच्छाही नाही.

हौद म्हणजे मुळात बागेच्या पाण्याचा हौद. आमच्याकडे शेतीची वीज आपल्या सोयीनं येत नाही, तिच्या मर्जीनं येते. ती आली की बोअर चालू करून पाणी साठवायचं आणि मग सावकाश द्राक्षांना सोडायचं, यासाठी नवऱ्यानं तो बांधला होता. सगळे पाइपही त्यानंच जमिनीत पुरले. पुढे एका वर्षी मांडवाची तार ताणताना तो शिडीवरून पाठीवर पडला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पाय मात्र कापसासारखे झाले. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यात चालवा, पाण्यात शरीराचा भार पायावर येत नाही. सोलापूरला रोज कोण नेणार? मग हौदालाच आतून बारक्या निळ्या फरशा लावल्या, उतरायला पायऱ्या केल्या, कडेनं धरायला स्टीलचा दांडा बसवला, पाणी स्वच्छ राहावं म्हणून छोटा फिल्टर जोडला. जमिनीतले पाइप तेवढे जुनेच ठेवले, कारण नवरा म्हणाला, ते माझ्या हातचे आहेत, त्यांना काय होतंय.

गावात लगेच नाव पडलं, बाईंचा स्विमिंगपूल. मी इथल्याच शाळेत शिकवते, त्यामुळे गावाला मी बाई आणि हौद बाईंचा. कुणी विचारायचं, बाई, आम्हाला तिकीट किती? मी म्हणायचे, तुम्हाला फुकट, पण आधी अंघोळ करून या. त्यानंतर ते विचारायचे बंद झाले.

त्या हौदात माझा नवरा चालायला शिकला. आधी दांडा दोन्ही हातांनी धरून, मग एका हातानं आणि ह्या वर्षीच्या संक्रांतीच्या सुमारास काही न धरता, छातीभर पाण्यात, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. जमिनीवर मात्र अजून तसं जमत नव्हतं. एका हातात काठी आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर, असाच तो मागच्या दारातून हौदापर्यंत यायचा. ती वाटही धड नव्हती. मोटारीची खोली मागच्या दाराला लागून, हौद अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, आणि मधली जमीन कायम ओलसर. काठी रुतायची, मी वैतागायचे, तो माझ्यावर वैतागायचा. थंडीत एकदा मोटार जळाली आणि हौद काही आठवडे बंद राहिला, तर एवढ्यातच त्याचे पाय पुन्हा आखडले. पलंगावरून उठवताना त्याच्या तोंडून जो आवाज निघायचा, तो मला पुन्हा ऐकायचा नव्हता.

आणि आता मे महिना, छाटणी झालेली, बागेला नवी फूट येत होती आणि बोअर दम टाकत टाकत पाणी देत होतं. अशात हौद रोज एक फरशी उतरतो म्हणजे रोज तेवढं पाणी त्यात नव्यानं ओतायचं. एका सकाळी नवरा चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "हौद बंद करू. बाग आधी."

"आणि पायाचं?"

"माझ्या पायापायी बाग वाळवायची न्हाय मला. पाऊस झाला की बघू."

तो शांतपणे म्हणाला, म्हणूनच मला धडकी भरली. हा माणूस आरडाओरडा करतो तेव्हा वाद घालता येतो. शांत बोलला की त्यानं मनात ठरवून टाकलेलं असतं. पावसाळ्यापर्यंत पाय पुन्हा लाकूड होतील हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मला भीती वाटली आणि भीती वाटली की मला राग येतो. मी म्हणाले, "माझ्या शाळेला सुट्टी लागलीय. सुट्टी संपायच्या आत गळती थांबली न्हाय तर करा बंद."

तुळजापूरहून एक प्लंबर बोलावला होता. त्यानं हौदाभोवती एक चक्कर मारली आणि सांगितलं, सगळी जुनी लाइन सोडून द्या, वरून नवी टाकू, पण लग्नसराई उरकल्यावर. लग्नं त्याच्या घरची नव्हती, पण बँड त्याच्या भावाचा होता म्हणे. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग मी एकेकाचं मत निकालात काढायला घेतलं. पहिल्यांदा ऊन. पाण्याची बादली हौदाच्याच पायरीवर ठेवली, आतलं आणि बाहेरचं पाणी एका रेषेत आणलं आणि दिवसभर तशीच राहू दिली. ऊन दोघांना सारखंच. दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी नखभर खाली गेलं होतं आणि हौद नेहमीप्रमाणे फरशीभर. सासूबाईंना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग बादली पलास्टिकची हाय. पलास्टिकला ऊन लागत न्हाय." सासूबाईंशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी बादली उचलून ठेवली.

मग मोटार. मोटारीच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले, मोटार सुरूच केली नाही. तरी पाणी उतरलं. म्हणजे मोटारीचा दोष नव्हता. उरले जमिनीतले पाइप. ते दोन आहेत. एक हौदाच्या तळातून मोटारीकडे जाणारा आणि दुसरा फिल्टरमधून स्वच्छ पाणी घेऊन हौदात येणारा. कुठला गळतो हे कळायला एकेकाचं तोंड आतून बंद करून बघायला हवं होतं. बाजारात त्यासाठी काही मिळत असेल, पण मी गोठ्यातून मक्याची बुरकुंडं आणली. दाणे काढलेलं बुरकुंड, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली, झालं बूच. नवऱ्याची जुनी पँट आणि शर्ट घालून मी हौदात उतरले. सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला. लाज वाटली म्हणून नव्हे, हसू येत होतं म्हणून.

जाणाऱ्या पाइपाला बूच मारलं, तरी पाणी उतरलं. ते काढून येणाऱ्या पाइपाला मारलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी जिथल्या तिथं. मी चहासुद्धा न घेता नवऱ्याला उठवायला गेले.

"येणारा पाइप गळायलाय."

"त्या पाइपात मधी एकच जॉइंट हाय," तो म्हणाला, "आन् त्यो माझ्या हातचा हाय. गळणार न्हाय."

त्याचा विश्वास बसावा म्हणून मी त्याला खुर्चीवर हौदाच्या काठाशी आणून बसवलं. जनावरांना टोचायची एक सिरिंज होती, तिच्यात पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ भरली, बूच काढलं आणि पाण्याखालच्या त्या तोंडाजवळ हळूच थोडी सोडली. पाणी शांत, मोटार बंद. निळीनं खरं तर तिथंच ढगासारखं पसरायला हवं होतं. ती दोऱ्यासारखी बारीक झाली आणि सरळ पाइपात शिरली. मी परत सोडली, परत शिरली.

नवरा खुर्चीतून वाकून बघत होता. "जात असंल," तो म्हणाला, "पर माझ्या जॉइंटला न्हाय."

आता ती जागा. खरं सांगायचं तर ती जागा आम्ही तिघंही रोज बघत होतो. मोटारीच्या खोलीपासून हौदापर्यंत पाइप जिथून जातो, तिथंच मध्यावर सासूबाईंचं आळू होतं. आणि काय आळू होतं. मे महिन्यात आमच्या काळ्या रानाला अशा भेगा पडतात की हात घातला तर कोपरापर्यंत जावा. अंगणातही तेच. तुळस मान टाकते, कढीपत्ता काड्या होतो. आणि ह्या आळवाची पानं सुपाएवढी, हिरवीगार, रोज सकाळी टवटवीत. आसपास एक भेग नाही. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. सासूबाई त्यांना पानं द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "मी काय करत न्हाय बाई, भांड्याचं पाणी टाकते. हाताला गुण असतोय एकेकाच्या." आम्हीही त्या पानांच्या वड्या आवडीनं खाल्ल्या होत्या. बोअरचं पाणी मोजूनमापून वापरणारं घर, आणि आळू त्याच पाण्यावर माजलं होतं.

मी टिकाव, खोरं आणि घमेलं घेऊन आले, तर सासूबाई आळवाच्या मधोमध बसलेल्या.

"आत्याबाई, उठा."

"हितं न्हाय. तिकडं उकर."

"तिकडं कोरडं हाय. पाणी हितं हाय."

"पाणी म्या घालते म्हणून हाय."

तिकडून खुर्चीतून नवरा म्हणाला, "माय म्हणतीय ते खरं हाय. तिथं कशाला उकरायलीस? जॉइंट पक्का हाय." एरवी ह्या मायलेकांचं कशावरही एकमत होत नाही. त्या दिवशी आळू आणि जॉइंट वाचवायला दोघं एक झाले.

मी टिकाव खाली ठेवला आणि सासूबाईंच्या समोर बसले. त्यांना म्हणाले, "तुमचा मुलगा पाण्यात एकटा चालतोय, बघितलंय तुमी. पाणी गेलं की चालणं गेलं. आळू काय, कुठंबी येतंय." त्या उठल्या, आतून टोपली आणि खुरपं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तू हात लावू नको. तुला गड्डे नीट काढता येत न्हायत." मग त्यांनी एकेक गड्डा मातीसकट अलगद काढून टोपलीत ठेवला, घाई अजिबात केली नाही. त्यांचं होईस्तोवर मी खोऱ्यावर हनुवटी टेकून उभी. मला घाई होती, पण त्या बाईला घाई करायला लावणारं माणूस अजून जन्मायचं आहे.

खणायला मी सकाळी गार असताना सुरुवात केली. वरची माती सहज निघाली. खालची मात्र लोण्यासारखी, खोऱ्याला चिकटून बसायची, प्रत्येक वेळी हातानं काढावी लागायची. मी शेतकऱ्याच्या घरची आहे, पण तेवीस वर्षं हातात खडू धरलाय. तळहाताला फोड आले. नवरा खुर्चीतून सूचना देत होता. कडेनं घे, मधी मारू नको, पाइप फुटंल, टिकाव आडवा धर. खड्ड्यात डोकावून बघायला त्याला उभं राहता येत नव्हतं आणि ते त्याला सोसत नव्हतं. मी दोनदा त्याच्यावर खेकसले आणि एकदा चिखलाचा गोळा मुद्दाम त्याच्या खुर्चीच्या दिशेनं टाकला. तो लागला नाही. नेम चुकला.

पाइप दिसला तेव्हा हात लावताच गार पाणी बोटांवर आलं. चिखल पुसला. सायकलच्या ट्यूबच्या काळ्या पट्ट्या, एकावर एक घट्ट गुंडाळलेल्या आणि शेवटाला एक गाठ. ती गाठ मी ओळखते. आमच्या रानात प्रत्येक जॉइंटला ती आहे, बैलाचा कासरा बांधावा तशी, दुहेरी, टोक आत खोवलेलं.

"काय दिसायलंय?" वरून आवाज आला.

"तुमची गाठ दिसायलीय."

"सुटली का?"

"गाठ सुटली न्हाय. पाइप सुटलाय."

"गाठ न्हाय सुटली ना?" तो म्हणाला. "म्या म्हणलंच होतं."

मला खड्ड्यातच हसू फुटलं. मग तोही हसला आणि त्यानंतर त्यानं खरं काय ते सांगितलं. हौदाचा पाइप त्यानं रानातल्यासारखाच जोडला होता. आमच्याकडे सगळे असंच जोडतात. उसाच्या पाचटाचा जाळ करायचा, त्यावर पाइपाचं तोंड मऊ होईपर्यंत तापवायचं, दुसरा पाइप त्यात दाबून बसवायचा, वरून ट्यूबची पट्टी. सोल्युशन लावत नाहीत, कारण रानातली लाइन आज इथं तर उद्या तिथं, चिकटवून टाकली तर उचलायची कशी? आणि जॉइंट थोडा झिरपला तर कुणाला वाईट वाटत नाही. झिरपलेलं पाणी पिकालाच लागतं. तिथं एखादी वांग्याची नाही तर मिरचीची दोन झाडं लावून टाकतात. रानात ही चूक नव्हेच, रानाची रीत आहे. चूक एवढीच झाली की ती रीत घराच्या अंगणात आली, पाच फूट उंच पाण्याचा दाब त्याच्यावर बसला आणि काळी माती दर उन्हाळ्यात आक्रसून पाइप दोन्हीकडं ओढत राहिली. आणि रीतीप्रमाणं त्या झिरपण्यावर आम्ही आळूही लावलं होतं.

"आता जाळ कर," नवरा म्हणाला, "परत तापवून बसवू. म्या सांगतो तसं कर."

"न्हाय," मी म्हणाले. "आता म्या म्हणेन तसं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पाइप, मोटार, वायर ह्यातलं काही मी त्याला शिकवावं अशी वेळ आली नव्हती. तो म्हणाला, "बरं." एवढंच. पण मला ते कुठल्याही सत्कारापेक्षा मोठं वाटलं.

तामलवाडीच्या दुकानात स्कूटीवरून जाऊन मी दोन पाइप जोडायचा कपलर, सोल्युशनचा डबा, करवतीचं पान आणि पॉलिश पेपर आणला. दुकानदारानं सामान बांधता बांधता विचारलं, "मिस्त्री कोण हाय, बाई?" मी म्हणाले, "मीच." त्यानं मान वर करून बघितलं आणि एक जादा पॉलिश पेपर पिशवीत टाकला.

हौदातल्या तोंडाला पुन्हा बुरकुंडाचं बूच मारून जुना जॉइंट कापून काढणं सोपं होतं. कपलर घालणं अवघड. पाइपाची दोन्ही टोकं जमिनीत घट्ट, मागं सरकत नाहीत, पुढं येत नाहीत, मग मधे कपलर शिरणार कसा? पुस्तकी हिशेबानं तो शिरतच नाही. मी खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले आणि बराच वेळ त्या दोन टोकांकडं बघत राहिले. मग लक्षात आलं की पाइप सरकत नसला तरी वाकतो, फक्त त्याला मोकळी जागा हवी. मी चर दोन्हीकडं लांबवला, मोटारीच्या खोलीपासून हौदाच्या पायऱ्यांपर्यंत सगळा पाइप उघडा केला. त्यात दोन सकाळी गेल्या. आता दोन्ही टोकं हातानं वर उचलली की त्यांच्यात जागा होत होती. कपलर घालून खाली दाबलं की सरळ. हे मला कुणी सांगितलेलं नाही, माझं मला सुचलं, आणि अजूनही आठवलं की बरं वाटतं.

तरी पहिल्यांदा फसलं. हौदाच्या बाजूच्या टोकातून पाणी थेंब थेंब येतच होतं. बुरकुंडाचं बूच कितीही दाबलं तरी पूर्ण थांबेना. ओल्या पाइपावर सोल्युशन लावलं तर ते धरलंच नाही, कपलर साबणासारखा हातातून निसटला. पुसलं, पुन्हा ओलं. पुन्हा पुसलं, पुन्हा ओलं. हौद पूर्ण रिकामा केला तर ते पाणी परत कुठून आणणार? मी कपलर चिखलात आपटला. नवरा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याच्या तोंडावर मी त्या दिवशीच्या चहाच्या वेळचा तो शांतपणा पुन्हा बघितला.

तेवढ्यात सासूबाई भाकरी आणि ठेचा घेऊन चराजवळ आल्या. "खा आन् मग आपट," त्या म्हणाल्या. मी भाकरीचा तुकडा मोडला, हातात धरला आणि तो खायचं विसरून गेले. ज्वारीची भाकरी पाणी शोषून घेते, फुगते आणि जास्त वेळ भिजली की विरघळून जाते. गव्हाची कणीक असती तर चिकट लगदा होऊन कुठंतरी अडकून बसली असती. ज्वारीला चिकटपणाच नाही. पाइपात भाकरीचं बूच मारलं तर माझं काम होईपर्यंत ते थेंब अडवेल, आणि नंतर मोटारीच्या जोरानं आपोआप निघून जाईल.

"आत्याबाई, अजून एक भाकरी आणा. ह्या पाइपात घालायची."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अन्न हाय ते. पाइपात घालतीस?"

मी म्हणाले, "बोअर घेतलं तेव्हा तुमीच निवद दाखवला होता ना पाण्याला? तसाच ह्यो."

"मग आधी सांगायचं," म्हणाल्या, आणि जाऊन ताजी भाकरी आणली. वरचा पापुद्रा त्यांनी स्वतः सोलून काढला, आतला मऊ भाग चुरून गोळा केला, कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला. मी तो बोटानं पाइपात आत सारला आणि दाबला. थेंब थांबला. फडक्यानं पाइप कोरडा केला, पॉलिश पेपर घासला, सोल्युशन लावलं, दोन्ही टोकं उचलून कपलर घातला, खाली दाबला आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून बसले. शाळेतल्या पोरांना म्हणायला लावते तसे मनात पाढे म्हणत राहिले. एकोणतिसाचा पाढा मला कधीच सरळ येत नाही, त्या दिवशी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदातलं बूच काढलं आणि चर उघडाच ठेवून मोटार चालू केली. नवऱ्याला हौदाच्या काठाशी बसवलं होतं. आधी हवेचे बुडबुडे आले, मग भाकरीचा चुरा पाण्यावर तरंगत आला. तो म्हणाला, "आलं बघ जेवण." मी चुरा चाळणीनं काढून चिमण्यांना टाकला आणि पळत चराकडं गेले. जॉइंटवर मी चुलीतली कोरडी राख पसरून ठेवली होती. राखेला जरा ओल लागली तरी ती काळी पडते. दुपारी बघितली, पांढरी. संध्याकाळी बघितली, पांढरी. पुढच्या सकाळी हौदाचं पाणी त्याच फरशीवर. मी सासूबाईंना बोलावलं, नवऱ्याला बोलावलं, शेजारणीला कुंपणावरून हाक मारली. शेजारीण म्हणाली, पाणी तर कालसारखंच आहे. मी म्हणाले, तेच तर बघायचं आहे.

चर बुजवताना मी ती काळी माती परत घातली नाही. नवरा म्हणाला, चांगली माती वाया कशाला घालवतीस. मी म्हणाले, हिनंच तर ओढून पाइप सोडवला. गोठ्याच्या कामाचा मुरूम उरला होता, तो घमेल्यानं आणून पाइपाच्या खाली, वर आणि बाजूनं भरला आणि प्रत्येक थरावर धुमस मारला. धुमस म्हणजे दांड्याला बसवलेला जड लोखंडी ठोकळा. तो उचलून आपटताना माझ्या खांद्यांची काय अवस्था झाली ते सांगत बसत नाही, पण मुरूम असा बसवला की वरून ट्रॅक्टर न्यावा. काळ्या अंगणातून तांबूस पट्टा उठून दिसायला लागला, मागच्या दारापासून हौदाच्या पायऱ्यांपर्यंत सरळ. गळती थांबल्यावर आजूबाजूची जमीनही आठवडाभरात कोरडी खडखडीत झाली.

सासूबाईंनी आळवाचे गड्डे मोरीच्या पाण्यावर लावले. पानं आता तळहाताएवढीच येतात. त्या रोज सकाळी त्यांना तांब्यानं वेगळं पाणी घालतात आणि आल्यागेल्याला म्हणतात, "आता हाय हे खरं माझ्या हातचं."

गावातला एक जण हौद बघायला आला आणि नवऱ्याला विचारलं, कोणता मिस्त्री लावला? मी आत चहा टाकत होते, पण कान बाहेर होते. नवरा म्हणाला, "आमच्या हिनं केलंय. पहिला जॉइंट माझा व्हता, गळका." गळका हा शब्द त्याच्या तोंडून त्याच्या कामासाठी मी पहिल्यांदा ऐकला. चहात मी साखर दोनदा घातली.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला हौदाकडं घेऊन निघाले होते. नेहमीसारखाच एक हात माझ्या खांद्यावर, एका हातात काठी. मुरमाच्या पट्ट्यावर आल्यावर त्यानं काठीनं जमीन ठोकून बघितली.

"नीट बसवलास का? पावसात खचंल बघ."

"खचत न्हाय."

"हितं पोकळ वाजायलंय."

"कुठं?"

"हितं." त्यानं माझ्या खांद्यावरचा हात काढला, पायानं ती जागा दाबली, मग काठी टेकून एक पाऊल पुढं गेला आणि तिथंही दाबून बघितलं. मग अजून एक. मान खाली, सगळं लक्ष मुरमात, कुठं खोट सापडते का ते शोधत. माझा हात अजून तसाच हवेत होता. त्याला कळलंच नव्हतं. पाण्याबाहेर, कोरड्या जमिनीवर, पडल्यापासून पहिल्यांदा तो कुणाला न धरता चालत होता, आणि तेही माझ्या कामात चूक काढायला.

मी हाक मारली असती तर तो दचकून थांबला असता. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण आवाज मी वर्गात ठेवते तसा सरळ ठेवला. त्या पट्ट्याची वीतन् वीत मी माझ्या हातानं ठोकून बसवली होती आणि एक इंचही पोकळ नव्हता. माझ्या कामाला नाव ठेवलेलं मी आयुष्यात खपवून घेतलेलं नाही.

"पुढं बघा," मी म्हणाले. "हौदाजवळ जरा कच्चा राहिलाय बहुतेक."

तो बघायला गेला.